पहिला पायमोजा: चार सुयांवर मोजे विणायला शिकताना

सोलापुरात लोकरीचे मोजे कशाला हवेत, असा प्रश्न विणायला बसणाऱ्याला हमखास विचारला जातो, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात तो चुकीचाही नाही. परंतु दिवाळीनंतर पहाटे गारवा पडू लागतो आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवणे घरातल्या वडीलधाऱ्यांना नकोसे होते. तान्ह्या बाळांना, पहाटे फिरायला जाणाऱ्यांना आणि थंड प्रदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांनाही मोजे लागतात. नवरात्राच्या सुमारास सुया हाती घेतल्या, तर नवशिक्याचाही एक जोड थंडीच्या आत सहज पूर्ण होतो. एप्रिल-मेमध्ये मात्र शिकायला सुरुवात करू नये. घामेजल्या बोटांत धागा अडकतो, टाके आवळले जातात आणि हाताला चुकीचे वळण लागते.

ज्यांना सुलट आणि उलट हे दोन टाके येतात आणि ज्यांनी निदान एक मफलर किंवा साधी पट्टी विणली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एवढी तयारी मोज्यासाठी पुरेशी आहे. टाके कमी करणे, कडेचे टाके उचलणे आणि गोल विणणे या बाकीच्या तीन गोष्टी मोजा विणता विणताच शिकता येतात.

सुया घेण्यापूर्वी एक मूलभूत गोष्ट समजून घ्यावी. आपल्या शहराची ओळख असलेली चादर मागावर विणली जाते. तिच्यात ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे ते कापड घट्ट आणि टिकाऊ असले, तरी ओढल्यावर फारसे ताणले जात नाही. सुयांवरच्या विणकामात एकच धागा फासांच्या रूपाने स्वतःमधूनच ओवला जातो, आणि ओढ बसली की प्रत्येक फास आडवा पसरतो व ओढ गेली की पुन्हा आखडतो. पायाची टाच रुंद, घोटा अरुंद आणि चवडा पुन्हा रुंद असतो. या चढउतारांवर चपखल बसणारे वस्त्र फासांच्या विणीतूनच नीट साधते. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये फासांची वीण घालणारे यंत्र तयार केले, ते प्रामुख्याने मोज्यांसाठीच होते. नवशिक्याने यातून घ्यायचा नियम असा, की मोजा पायाच्या मापाचा विणायचा नसतो, तर पायाच्या घेरापेक्षा सुमारे १० टक्के कमी विणायचा असतो. पायाच्या मापाइतका विणलेला मोजा चार दिवसांत घोट्यापाशी गोळा होतो.

लोकर आणि सुया

नवी पेठेसारख्या बाजारपेठेत विणकामाचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत जी ‘लोकर’ मिळते, ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते. ती स्वस्त असते, धुवायला सोपी असते आणि शिकण्यासाठी चालते. रोजच्या वापराचा टिकाऊ मोजा हवा असेल, तर खऱ्या लोकरीत थोडे नायलॉन मिसळलेला धागा सर्वांत चांगला. मोज्यांसाठीच्या धाग्यात साधारणपणे ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असते, कारण टाच आणि चवडा इथे घर्षण सर्वाधिक होते आणि नायलॉन ते सोसते. शुद्ध सुती धागा पहिल्या मोज्यासाठी घेऊ नये. सुताला स्वतःची लवचीकता नसते, त्यामुळे टाके लहानमोठे दिसतात, बोटे लवकर दुखतात आणि घातलेला मोजा हळूहळू सैलावत जातो. मागासाठी कोनावर मिळणारे सूतही इथे उपयोगाचे नाही. ते फार बारीक असते आणि ताण्याच्या सुताला खळ लावलेली असेल, तर ते ताठही असते.

धाग्याची जाडी मध्यम असावी. अगदी बारीक धाग्याचा मोजा सुंदर दिसतो, पण त्यात टाके साठ-सत्तर होतात आणि शिकणाऱ्याचा धीर पहिल्याच आठवड्यात सुटतो. रंग फिकट आणि एकसारखा घ्यावा. काळ्या किंवा गडद निळ्या धाग्यात रात्री ट्यूबलाइटखाली टाकाच दिसत नाही आणि सुटलेला टाका शोधणे अशक्य होते. मध्यम जाडीची १५० ग्रॅम लोकर एका जोडीला पुरून थोडी उरते. ती एकाच वेळी आणि एकाच रंगणीची, म्हणजे एकत्र रंगवलेली, घ्यावी, कारण नंतर आणलेल्या गुंडीच्या रंगात फरक पडतो.

दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या चार सुयांचा संच घ्यावा. आपल्याकडे सुया अजूनही जुन्या इंग्लिश क्रमांकांनी ओळखल्या जातात, आणि त्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते. मध्यम लोकरीसाठी १० नंबरची, म्हणजे ३.२५ मिलिमीटर जाडीची सुई योग्य आहे. बांबूच्या सुया मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात, त्यांवरून टाके निसटत नाहीत. धातूच्या गुळगुळीत सुया वेग वाढवतात, पण तीन सुयांवर टाके असताना एखादी सुई सुळकन बाहेर येऊन जमिनीवर पडली की नवशिक्याची घाबरगुंडी उडते. याशिवाय शिंप्याची टेप, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, दोन सेफ्टी पिना आणि ओळी मोजायला वही-पेन्सिल एवढे पुरते.

माप आणि नमुना

हा टप्पा टाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि न बसणाऱ्या बहुतेक मोज्यांचे मूळ इथेच असते. प्रथम पायाच्या चवड्याचा सर्वांत रुंद घेर मोजावा आणि टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची लांबी मोजावी. लांबी मोजताना उभे राहावे, कारण भार पडल्यावर पाऊल थोडे पसरते.

मग त्याच लोकरीने आणि त्याच सुयांनी ३४ टाके घालून, एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी सुमारे १२ सेंटिमीटर उंचीची पट्टी विणावी. ती पाण्यातून काढून, न ताणता सावलीत वाळवावी आणि मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. कडेचे टाके मोजू नयेत. मध्यम लोकर आणि १० नंबरच्या सुईवर साधारण २४ टाके आणि ३२ ओळी यायला हव्यात.

हिशेब सोपा आहे. चवड्याचा घेर २२ सेंटिमीटर असेल, तर त्याचे ९० टक्के म्हणजे १९.८ सेंटिमीटर. प्रत्येक सेंटिमीटरला २.४ टाके, म्हणून १९.८ गुणिले २.४ म्हणजे साधारण ४७.५. हा आकडा जवळच्या ८ च्या पटीत न्यावा, म्हणजे ४८. पुरुषाच्या २५ सेंटिमीटर घेराच्या पायाला याच हिशेबाने ५४ येतात, तिथे ५६ घ्यावेत. ८ ची पट धरण्याचे कारण टाचेत आहे: तिथे टाके निम्मे होतात आणि त्या निम्म्याचेही सारखे दोन भाग पडावे लागतात.

नमुन्यात २४ ऐवजी २१ टाके आले, तर वीण सैल आहे. अशा वेळी बारीक सुई घ्यावी. पण २६ आले तर जाड सुई घेण्याची घाई करू नये. मोज्याची वीण दाट असलेलीच बरी, म्हणून सुई तीच ठेवून नव्या आकड्याने हिशेब पुन्हा करावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व आकडे ४८ टाक्यांच्या मोज्याचे आहेत.

वरचा काठ आणि पोटरीचा भाग

४८ टाके सैल हाताने घालावेत. हात घट्ट असणाऱ्यांनी दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालावेत आणि मग एक सुई काढून घ्यावी. काठ आवळला, तर मोजा टाचेवरून वर चढतच नाही, आणि चढलाच तर पायावर वळ उठवतो. मधुमेह असलेल्या किंवा पायाला सूज येणाऱ्या व्यक्तीसाठी विणताना तर याची विशेष काळजी घ्यावी.

आता टाके तीन सुयांवर वाटावेत: पहिलीवर २४, दुसरीवर १२, तिसरीवर १२. पहिल्या सुईवरचे २४ टाके पुढे टाचेचे होतील आणि उरलेले २४ पावलाच्या वरच्या बाजूचे. तिन्ही सुया त्रिकोणात टेबलावर ठेवून टाक्यांचा काठ सगळीकडे आतल्या बाजूला वळलेला आहे ना, हे नीट पाहावे. एका ठिकाणी जरी काठ सुईभोवती फिरलेला राहिला, तर नळीला पीळ पडतो आणि तो उसवल्याशिवाय निघत नाही. खात्री झाल्यावर चौथ्या सुईने पहिला टाका विणून गोल जोडावा आणि फेऱ्याच्या सुरुवातीला सेफ्टी पिन लावावी.

दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी ५ सेंटिमीटर विणावी. त्यानंतर पोटरीचा भाग साधा सुलट विणता येतो, पण पहिल्या मोज्याला हीच पट्टी १५ सेंटिमीटरपर्यंत न्यावी असे मी सुचवेन, कारण अ‍ॅक्रिलिकचा मोजा पट्टीमुळेच पायाला धरून राहतो. गोल विणताना बाहेरची बाजू सतत आपल्यासमोर असते, म्हणून प्रत्येक फेरा सुलट विणला तरी साधी सुलट वीण तयार होते. दोन सुयांवर परतीच्या ओळीत उलट विणायची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला खरे वाटत नाही.

एका सुईवरून दुसरीवर जाताना तिथे सैल टाक्यांची उभी शिडी दिसू लागते. नव्या सुईवरचा दुसरा टाका विणल्यावर धागा हलकेच ओढून घेतला, की ती बरीचशी नाहीशी होते. पहिल्या टाक्यावर ओढून फारसा उपयोग होत नाही.

टाच

मोज्याची सारी भीती टाचेपाशी असते. प्रत्यक्षात तिथे एक चौकोनी पट्टी, तिच्या तळाशी एक वाटी आणि दोन्ही बाजूंना एकेक कळी, म्हणजे निमुळता होत जाणारा त्रिकोणी भाग, एवढेच असते, आणि हे तीन भाग क्रमाने विणले जातात. मात्र ही टाच गप्पा मारत किंवा मालिका पाहत विणू नये. सकाळच्या उजेडात, एका बैठकीत विणावी.

पट्टीसाठी फक्त पहिल्या सुईवरचे २४ टाके घ्यावेत, बाकीच्या दोन सुया तशाच लोंबत ठेवाव्यात. आता गोल न विणता मागे-पुढे विणायचे आहे. समोरच्या बाजूची ओळ: एक टाका न विणता सरकवून घ्यावा, एक सुलट विणावा, आणि हेच शेवटपर्यंत. मागच्या बाजूची ओळ: पहिला टाका सरकवून घ्यावा, बाकी सर्व उलट. अशा २४ ओळी झाल्या पाहिजेत. सरकवलेल्या टाक्यांमागून धागा आडवा जातो, त्यामुळे टाचेला दुहेरी जाडी येते. पट्टीच्या प्रत्येक कडेला १२ मोठ्या टाक्यांची साखळी दिसायला हवी, तिचे काम थोड्याच वेळात पडणार आहे.

वाटी वळवण्याआधी दोन जोडांची ओळख करून घ्यावी. दोन टाके एकत्र घालून सुलट विणले, की जोड उजवीकडे झुकते, तिला आपण उजवी जोड म्हणू. दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उजव्या सुईवर सरकवावेत, डाव्या सुईचे टोक त्यांच्या पुढून घालावे आणि दोन्ही एकत्र विणावेत, ही डावी जोड. आता ओळी अशा:

पहिली ओळ, समोरून: १ सरकवा, १२ सुलट, डावी जोड, १ सुलट. डाव्या सुईवर ८ टाके उरतील. ते तसेच सोडून काम उलटे फिरवा.

दुसरी ओळ, मागून: १ सरकवा, ३ उलट, २ एकत्र उलट, १ उलट. इथेही ८ उरतील. काम फिरवा.

तिसरी ओळ: १ सरकवा, ४ सुलट, डावी जोड, १ सुलट, फिरवा.

चौथी ओळ: १ सरकवा, ५ उलट, २ एकत्र उलट, १ उलट, फिरवा.

यापुढे दर ओळीत मधले टाके एकाने वाढत जातात: सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा. आकडे पाठ करण्याची गरज नाही. जिथे काम फिरवले होते तिथे टाक्यांमध्ये स्पष्ट फट दिसते. त्या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोन टाके दरवेळी जोडायचे असतात. दहाव्या ओळीअखेर सोडलेले सर्व टाके संपतात आणि सुईवर १४ टाके राहतात. हा आकडा जुळला नाही, तर पुढे जाऊ नये. उसवून पट्टीच्या शेवटापर्यंत यावे आणि पुन्हा वळवावे. दहाच ओळी आहेत, आणि दुसऱ्या खेपेला हात आपोआप बरोबर चालतो.

वाटी तयार झाली, की तळहातावर ठेवून पाहावी. सपाट ओळींतून असा खोलगट आकार उठलेला पाहण्याचा आनंद मला आजही तितकाच होतो.

कळी

समोरची बाजू आपल्याकडे ठेवून हे १४ टाके सुलट विणावेत. त्याच सुईने पट्टीच्या डाव्या कडेच्या साखळीतून १२ टाके उचलावेत आणि पट्टी व पावलाच्या टाक्यांमधल्या कोपऱ्यातून एक जादा उचलावा, नाहीतर तिथे भोक राहते. दुसऱ्या सुईने पावलाचे २४ टाके एकाच सुईवर विणून घ्यावेत. तिसऱ्या सुईने कोपऱ्यातून १ आणि उजव्या कडेतून १२ टाके उचलावेत व पुढे टाचेच्या १४ पैकी ७ टाके विणावेत. आता टाचेच्या मधोमध फेऱ्याची नवी सुरुवात झाली. पहिल्या सुईवर २०, दुसरीवर २४, तिसरीवर २०, एकूण ६४ टाके.

एका फेऱ्यात पहिल्या सुईवर शेवटचे ३ टाके उरेपर्यंत सुलट, उजवी जोड, १ सुलट. दुसरी सुई साधी. तिसऱ्या सुईवर १ सुलट, डावी जोड आणि उरलेले सुलट. पुढचा फेरा साधा. असे आलटून पालटून आठ वेळा केले, की १६ टाके कमी होऊन पुन्हा ४८ राहतात. झुकत गेलेल्या जोडांच्या दोन तिरप्या रेषा घोट्याखाली दिसतात. त्या एकमेकींकडे न झुकता विस्कटलेल्या दिसल्या, तर डावी आणि उजवी जोड उलटसुलट झाली आहे असे समजावे.

पाऊल आणि चवडा

यानंतरचा भाग सर्वांत सोपा आहे. फेरे सुलट विणत राहायचे. ज्यांना वरची बाजू घट्ट हवी आहे, त्यांनी दुसऱ्या सुईवर दोन सुलट-दोन उलट पट्टी चालू ठेवावी, तळ मात्र साधाच असू द्यावा. टाचेच्या मागच्या टोकापासून मोजलेली लांबी पायाच्या लांबीपेक्षा ६ सेंटिमीटर कमी भरली, की थांबावे. २४ सेंटिमीटरच्या पायाला ही लांबी १८ होते. चवडा ५ सेंटिमीटरचा होईल आणि उरलेला एक सेंटिमीटर ताणातून भरून निघेल.

चवड्याच्या घटीच्या फेऱ्यात चार टाके कमी होतात. पहिल्या सुईच्या शेवटी उजवी जोड व १ सुलट. दुसऱ्या सुईच्या सुरुवातीला १ सुलट व डावी जोड, शेवटी उजवी जोड व १ सुलट. तिसऱ्या सुईच्या सुरुवातीला १ सुलट व डावी जोड. एक फेरा घटीचा, एक साधा, असे सहा वेळा केल्यावर २४ टाके राहतात. त्यानंतर लागोपाठ चार फेरे घटीचे विणावेत, म्हणजे ८ टाके उरतील. धागा २० सेंटिमीटर ठेवून कापावा, बोथट सुईत ओवून आठही टाक्यांतून दोनदा फिरवावा, ओढून आतल्या बाजूला न्यावा आणि तिथे वीणीत लपवावा. आत गाठ मारू नये. बुटात ती बोटांना टोचते, आणि पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला ती टोचल्याचे कळत नाही व जखम होते.

दुसरा मोजा त्याच दिवशी सुईवर घालावा, निदान त्याचे टाके तरी घालून ठेवावेत. मध्ये दिवस गेले की हाताची ओढ बदलते आणि जोडीत लहानमोठेपणा येतो. पोटरीचे, पट्टीचे आणि पावलाचे फेरे पहिल्या मोज्याच्या वेळीच वहीत लिहिलेले असतील, तर टेप लावत बसावे लागत नाही.

वापर आणि देखभाल

अ‍ॅक्रिलिकच्या मोज्यावर इस्त्री कधीही फिरवू नये. उष्णतेने धागा मरगळतो आणि वीण आपली लवचीकता कायमची गमावते. थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि आडवे वाळत घालावे. आपल्या कोरड्या हवेत सावलीतही मोजे लवकर वाळतात, तेव्हा रंग उडवणाऱ्या उन्हात टाकण्याचे कारण नाही. गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालताना पाय घसरतो. वडीलधाऱ्यांना मोजे द्यायचे असतील, तर सोबत मागे पट्टा असलेली सपाट सँडलही द्यावी. अंगठ्याची चप्पल या मोज्यावर बसत नाही.

लोकरीत हात बसल्यावर सोलापूरच्या हवेसाठी सुती मोज्याकडे वळावे. त्यात दोन बदल करावेत: दोन सुलट-दोन उलट पट्टी काठापासून पावलाच्या वरच्या बाजूने थेट चवड्यापर्यंत न्यावी, आणि लांबी आणखी अर्धा सेंटिमीटर कमी धरावी, कारण सूत वापरात लांबते. टाच विरळ दिसू लागली, की भोक पडण्याची वाट न पाहता उरलेल्या धाग्याने आतून रफू करावे. त्यासाठी प्रत्येक जोडीची पाच-सात मीटर लोकर एका पिशवीत जपून ठेवावी आणि पिशवीवर त्या जोडीचे टाके व सुईचा नंबर लिहून ठेवावा.